गुरुवारचा कॉम्प्युटर तास

मी कुवेतला निघाले तो दिवस सासूबाईंनी ठरवला होता, आणि वेळही. सकाळचे अकरा. "चेडू शाळेत आसा, तवसर नीघ. मागे वळान बघू नको," त्या म्हणाल्या. माझी दीपाली तेव्हा दुसरीत होती. नवऱ्याने बॅग रिक्षात ठेवली. आमच्या तोंडवली गावातून मालवणच्या स्टँडकडे जाणारा रस्ता तिच्या शाळेवरूनच जातो. आत पाढे चालले होते. रिक्षावाल्याने आपणहून वेग कमी केला, पण मी त्याला थांब म्हटलं नाही.

नवरा दुसऱ्याच्या होडीवर जायचा आणि मी नर्सिंग शिकलेली होते. त्यामुळे कोणी जायचं याची चर्चाच झाली नाही.

कुवेतमध्ये आम्ही चौघी नर्सेस एका खोलीत राहायचो. बाकीच्या तिघी केरळच्या. त्या आपसात मल्याळममध्ये हसायच्या आणि मग माझ्यासाठी तोच विनोद हिंदीत सांगायच्या. हिंदीत येईपर्यंत त्यातलं हसू उडून गेलेलं असायचं. वॉर्डात अरबी, मेसमध्ये खुबूसची रोटी, आणि शुक्रवारी गावाला फोन. दीपाली फोनवर यायची, "बरी आसय" म्हणायची आणि रिसिव्हर आजीकडे द्यायची. एक वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. दोन सुट्ट्यांना घरी गेले तेव्हाही ती पाहुण्यांशी बोलावं तसं नीट, कमी बोलली.

ती हायस्कूलला गेली आणि तिथे कॉम्प्युटर आले. तिचे वर्गशिक्षक सावंत सर हौशी. त्या वेळी ज्या वेबसाइटवर जो तो दिसायचा, तिच्यावर त्यांनी शाळेचा एक ग्रुप काढला. मुंबई, पुणे, मस्कत, जिथे जिथे पालक आणि जुने विद्यार्थी होते, त्या सगळ्यांना चिठ्ठ्या धाडून पत्ता कळवला. मला तो नवऱ्याने फोनवर एकेक अक्षर सांगत उतरवून दिला.

रूममेटच्या लॅपटॉपवर मी पहिल्यांदा तो ग्रुप उघडला. स्नेहसंमेलनाचा फोटो वरून खाली हळूहळू उतरत होता. आधी माड, मग पडदा, मग मुलींची रांग. तिसरी दीपाली. तिला चष्मा होता.

मला कोणी सांगितलंच नव्हतं. तिथल्या तिथे फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "सांगान तू काय करतलंस? थयसून तिचो हात धरतलंस?" त्या रागाने बोलल्या नव्हत्या, म्हणूनच जास्त लागलं. मी फोटोखाली लिहिलं, "चष्मा छान दिसतो. आई."

चार दिवसांनी खाली उत्तर आलं, रोमन अक्षरांतली मराठी: "आई, इथे लिहू नको. सगळे वाचतात."

माझ्या मुलीने मला लिहिलेलं ते पहिलं वाक्य. मी ते किती वेळा वाचलं हे सांगायला लाज वाटते.

सरांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी तिला स्वतःचा ईमेल काढून दिला. गुरुवारी कॉम्प्युटरचा तास असायचा. एका मशीनवर तिघी, त्यामुळे वाट्याला दहाएक मिनिटं. त्यात ती पाच ओळी लिहायची. विज्ञानाची परीक्षा, बाबांच्या जाळ्याला लागलेले बांगडे, विहिरीत पडलेलं मांजर. माझी गुरुवारी सकाळची ड्यूटी असली तर मी ती बदलून घ्यायचे. मग एका गुरुवारी एकच ओळ आली: "त्या दिवशी तू शाळेत का नाही आलीस? मी खिडकीतून रिक्षा बघितली होती."

सात वर्षांच्या मुलीने ते पाहिलं होतं आणि इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. मी तीन उत्तरं लिहून खोडली. तुझ्यासाठीच गेले, वगैरे. शेवटी खरं तेच लिहिलं: "भिऊन. थांबले असते तर गेलेच नसते."

पुढच्या गुरुवारी काही आलं नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी आलं: "रडली होतीस?"

"हो. मालवणपर्यंत."

"बरां," तिने लिहिलं. शाळेत शुद्ध मराठी लिहिणाऱ्या माझ्या मुलीने तेवढा एक शब्द मालवणीत लिहिला होता.

माझ्यासारख्या लेकरं मागे ठेवून गेलेल्या बायांनो, त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. २०१० च्या सुट्टीत घरी गेले. दीपाली माझ्याहून उंच झाली होती. पत्रांत मोकळ्या झालेल्या आम्ही दोघी समोरासमोर गप्प. खळ्यात सुकत घातलेली कोकमं दोघी मिळून उलटत होतो. मी म्हटलं, "मी तिकडे गेले की सविस्तर लिहीन तुला."

तिने मान वर केली. "थंय गेल्यार मेल कर. हयसर आसंस तवसर बोल गो."

आवाजात राग होता, आणि तो राग तिने इतकी वर्षं मला दिलाच नव्हता. मी बोलायला लागले. रूममेट, वॉर्डातली म्हातारी, तिथली धूळ, जे सुचेल ते. ती मध्येच हसली, मध्येच तिने मला चूक ठरवलं. कोकमं कधीच उलटून झाली होती, तरी आम्ही उठलो नाही.

कुवेतमध्ये कोणी विचारलं की घर कुठे, तर मी तोंडवली सांगते. माझ्यावर हक्काने रागावणारं माणूस तिथे आहे, म्हणून ते घर. त्या घरात मी दोन वर्षांतून तीस दिवस राहते.