पाय भरेपर्यंत भात बंद

माझ्या डाव्या पायाच्या नडगीवर आधी एक जांभळट गाठ आली. दुखेना, खाजेना. धानाच्या रोवणीचे दिवस होते, बांधीच्या चिखलात दिवसभर पाय, तेव्हा काहीतरी चावलं असेल म्हणून मी सोडून दिलं. पुढे ती फुटली. तिच्या खाली दुसरी आली, तीही फुटली, आणि दोन जखमा माझ्या पायावर बिऱ्हाड थाटून बसल्या.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यातलं. इथे ताप आला तर माणसाला एकटं पडू देतात, जखम झाली तर नाही. जखम ही पाहायची गोष्ट आहे. जो येईल तो चहाच्या आधी म्हणायचा, "दाखव बरं पाय." मग मी पट्टी सोडायची, त्याने वाकून पाहायचं, च्च करायचं आणि आपला उपाय सांगायचा. एकाने कंबरमोडीचा पाला ठेचून लावायला सांगितला, एकीने मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल. मी सगळं केलं, कारण नाही केलं तर तो माणूस पुन्हा विचारायला येतो.

लाखांदूरच्या डॉक्टरांनी साखर तपासली. ती निघाली नाही, याचं माझ्यापेक्षा त्यांनाच वाईट वाटलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी शिरा फुगल्याचं निदान केलं आणि घट्ट मोजे दिले. जाता जाता म्हणाले, असंच चिघळत राहिलं तर पुढेमागे गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. एसटीत बसल्यावर मी निऱ्यांआडून दोन्ही पायांची बोटं हलवून पाहिली. मला फार भीती वाटली होती, पण शेजारी आमचे हे बसले होते आणि ते माझ्याहून भित्रे, म्हणून बोलले नाही.

या माणसाने लग्नापासून स्वतःचा चहाचा कप कधी विसळला नव्हता. तो माझी पट्टी करू लागला. हे नर्सबाईंकडून शिकून आले आणि रोज सकाळी आंघोळ करून, हात धुऊन, पूजेला बसावं तसे माझ्या पायाशी बसू लागले. जखमेचं माप त्यांचं स्वतःचं होतं. "वरची सुपारीएवढी. खालची बिस्किटाएवढी." पुढे पुढे मी बिस्किटं खायची सोडली.

अशात माझी नणंद आली. तिने पाय पाहिला, मग माझं ताट पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"वैनी, तू भात खाऊन राहिली? अवो, भातानं जखम पाणी सोडते. पू धरते. बंद कर पह्यले."

बाहेरच्या माणसाला यातलं दुःख कळणार नाही. आम्ही धान पिकवणारे लोक. आमच्याकडे जेवण म्हणजे भात, बाकीचं सगळं तोंडी लावणं. पोळी पाहुण्यांसाठी करायची आणि पाहुण्यांनीही ती संपवून भाताची वाट पाहायची. मला पोळी नीट लाटताही येत नाही. पण पाय जाण्याची धास्ती होती. मी भात बंद केला.

आमच्या ह्यांना काय वाटलं कोण जाणे, ते उठले, देवघरासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हिचा पाय भरेपर्यंत मी बी भात नाही खाणार." नणंदेचे डोळे भरून आले. माझेही आले, पण मला त्यांचा तीस वर्षांचा अनुभव होता.

उन्हाळ्यात दिघोरीला एका लग्नाला गेलो. मी बायकांच्या पंगतीत पोळीचा तुकडा चघळत बसले होते. समोर पुरुषांची पंगत. आमचे हे भाताच्या ढिगात वरणाची विहीर करून कोपरापर्यंत उतरले होते. नजरानजर झाली. त्यांनी शांतपणे पापड उचलला आणि भातावर झाकला. भात पापडाच्या चारी बाजूंनी दिसत होता.

घरी आल्यावर मी एवढंच म्हटलं, "पापड कसा होता?" त्यानंतर मला हवं तेव्हा काढायला एक हत्यार मिळालं. पट्टी जरा ओढली गेली की मी म्हणायची, "सावकाश, मी काही पापड नाही."

पोळीला जखमा मुळीच घाबरल्या नाहीत. वर्ष होत आलं आणि मांडीवर नवीन गाठ आली. मग नागपूरला एका कातडीच्या डॉक्टरणीकडे गेलो. वयाने माझ्या मुलीसारखी. तिने जखमांपेक्षा त्या न फुटलेल्या गाठीकडेच जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाली, एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू.

आमचे हे उभेच राहिले. "नाही मॅडम. गाठीले लोखंड लागलं का पसरते."

मी म्हटलं, "काढा बाई. गावानं एवढा पाह्यला हा पाय, थोडा तुमीही ठेवून घ्या."

रिपोर्ट आला तेव्हा तिने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. हा कातडीचा लिम्फोमा होता, कॅन्सरचाच एक प्रकार. गाठ आतून वाढते, फुटते आणि वरून साध्या जखमेसारखी दिसते, म्हणून जखम मलमाने भरत नव्हती. सलाईनमधून औषधं द्यावी लागतील. पुष्कळांना गुण येतो. पाय कापायची गरज आज तरी दिसत नाही.

कॅन्सर म्हटल्यावर माणसाला काय काय आठवतं म्हणतात. मी विचारलं, "आणि भात?"

"भाताचा काय संबंध? पोटभर खा. ताकद लागणार आहे."

मी हसले. खरंच हसले, कॅन्सर झालेल्या बाईने हसू नये इतकी. समोरच्या खानावळीत जाऊन दोनदा भात मागून घेतला. ह्यांनी पोळी मागवली. मला वाटलं, धक्का बसलाय. पण घरी आल्यावरही तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मी वैतागले.

"अजी, आता कायले नाटक करून राहिले? डॉक्टरणीनं सांगतलं ना, भाताचा संबंध नाही."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

"तुह्या भाताचा नसन," ते म्हणाले. "माह्या भाताचा हाय. देवासमोर बोललो होतो. अन् त्या लग्नात खाल्लो ना मी."

म्हणजे इतके दिवस मी ज्यावरून टोमणे मारत होते, त्याचा हिशेब हा माणूस मनात असा लावून बसला होता. मी पुष्कळ समजावलं, रागावलेही. ते पोळी चावत राहिले. पापडाचा विषय मी त्या दिवसापासून काढला नाही.

औषधं सुरू झाली. नागपूरच्या खेपा, उलट्या, मग केस गेले. गावाने आता "डोक्यावरचा पदर काढ बरं" सुरू केलं. मांडीवरची गाठ विरली. पायाकडे मी स्वतः बघत नव्हते, तिथल्या बातम्या मला सकाळी मिळायच्या. बिस्किटाची सुपारी झाली, सुपारीचा चिंचोका झाला.

परवा त्यांनी पट्टी सोडली आणि माप सांगायच्या ऐवजी आणखी खाली वाकले. मी घाबरून खाली पाहिलं. वरच्या जखमेवर गुलाबी, पातळ कातडी आली होती. ते तिला बोट न लावता नुसते पाहत होते.

"वरची भरली," ते म्हणाले.

दुपारी ताटावर बसले तेव्हा पोळी बाजूला सारून म्हणाले, "अर्धा वाढ."

"काय अर्धा?"

"भात. अर्धी जखम भरली ना."

मी वाढायला लागले. हात थोडा सैल सुटला असेल, त्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"बस," ते म्हणाले. "खालची भरू दे."