न घेतलेली झडती

"तिला बाहेरच्या नळावर पाठवा. आतल्या बेसिनला नको."

त्या घरची सून नवऱ्याला सांगत होती. स्वयंपाकघराच्या दाराआडून, आवाज दाबून. मी हॉलच्या कडेला उभी होते. अंगावर वर्दी, छातीवर नावाची पट्टी. मला सगळं ऐकू आलं. मग तो बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, तेवढे हात धुऊन या. बाहेर नळ आहे."

नळ कुत्र्याच्या घराशेजारी होता. खाली कुत्र्याचं पाण्याचं भांडं. मी हात धुतले. साबण नव्हता. हात वर्दीला पुसायचे नाहीत असं आम्हाला शिकवलेलं, म्हणून ओलेच ठेवले.

मी महिला पोलीस शिपाई. नोकरी नवी. त्या दुपारी आम्ही कोल्हापुरातल्या एका बंगल्यात अटक करायला गेलो होतो. घरच्या थोरल्या बाईंना. घरात आणि गल्लीतही त्यांना सगळे आईसाहेब म्हणत. त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या हातावर त्यांनी तापलेलं उलथनं टेकवलं होतं. दुधावरची साय कमी झाली म्हणून. ती बाई हाताला ओला पदर गुंडाळून चालत ठाण्यात आली होती. तक्रार सांगताना तिने एकदाही त्यांचं नाव घेतलं नाही. "आईसाहेब" असंच म्हणत राहिली.

आमच्याबरोबर साहेब होते, ड्रायव्हर होता, आणि अक्का. अक्का आमच्या ठाण्यातल्या जुन्या हवालदार. गडहिंग्लजकडच्या. ठाण्यात सगळे त्यांना अक्का म्हणायचे, साहेबसुद्धा. मला पहिल्या दिवसापासून त्यांनी "कॉन्व्हेंट" म्हणून हाक मारली. "ए कॉन्व्हेंट, जेवलीस का?" त्यात चिडवणं होतं, पण डबा उघडून माझ्यापुढे सरकवलेलाही असायचा.

माझे वडील कागलच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. त्यांना वाटायचं, इंग्रजीला गल्ली नसते. आई जास्त जाणून होती. ती सांगायची, "गाव विचारलं तर गाव सांग. गावात कुठं, ते सांगू नको." मी तेच करत आले. शाळेत, कॉलेजात, भरतीच्या मैदानावर. कमी बोलायचं. लोकांना वाटायचं, लाजाळू आहे. होतेच. पण सगळंच काही लाजणं नव्हतं.

आईसाहेबांनी मात्र पहिल्याच मिनिटाला विचारलं. अटक करायला आम्ही आलेलो, आणि प्रश्न त्या विचारत होत्या. सोफ्यावर बसून, मांडीवर पानाची चंची.

"गाव कंचं गं तुझं?"

"गारगोटीकडचं."

"गारगोटीत कुठं?"

मी गप्प.

"कुणाची गं तू?"

मी गप्प. त्यांनी पट्टीवरचं आडनाव वाचलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. माझ्या गप्प राहण्यातून त्यांना उत्तर मिळालं होतं.

घराची झडती घेण्याआधी पोलिसांनी स्वतःची झडती द्यायची असते. पंचांसमोर, घरच्या लोकांना. आम्हीच काही आणून ठेवलं असं पुढे कुणी म्हणू नये म्हणून. बायकांची झडती बाईनेच घ्यायची, म्हणून अक्कांची आणि माझी झडती सून घेणार होती. अक्कांच्या खिशांवरून तिने हात फिरवला. "असू दे हो काकी," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तोवर सासूने तिला डोळ्यांनी सांगितलं होतं. तिने व्हरांड्यातल्या फरशीवर वर्तमानपत्र पसरलं.

"इथं ठेव. कागदावर."

अक्कांना काकी आणि मला "ठेव". मी खिसे रिकामे केले. रुमाल. बसचा पास. सेफ्टी पिना. डोकेदुखीच्या गोळ्या. तिने गाडीच्या किल्लीच्या टोकाने माझा रुमाल उलगडला. मग पुन्हा त्याच टोकाने बाजूला सारला. पंच म्हणून आलेले शेजारी बघत होते. त्यातल्या एकाने नजर वळवली. मी वस्तू उचलल्या. ती कागदाला हात न लावता उभी राहिली. कुणीतरी येऊन उचलेल म्हणून. मग लक्षात आलं असेल, उचलणारी बाई हात भाजून घरी बसली आहे.

उलथनं स्वयंपाकघरात सापडलं. ते जप्त झालं. आता आईसाहेबांची अंगझडती.

अंगझडती केसांपासून सुरू होते. अंबाडा, कानामागे, मानेजवळचा काठ, ब्लाउज, कनवट, निऱ्या, चपला. ट्रेनिंगला आमच्या मॅडम एकेकीला पुढे बोलवायच्या. स्वतःच्या केसांत त्यांनी अर्धं ब्लेड लपवलेलं असायचं. जिला सापडायचं नाही तिला त्या म्हणायच्या, "मेलीस तू. बस खाली." आम्ही हसायचो. मी एकदा मेले होते. पुन्हा नाही.

त्याच आठवड्यात एसटी स्टँडवरून दोन बायका संशयावरून आणल्या होत्या. पालावर राहणाऱ्या. त्यांची झडती मीच घेतली. वेण्या सोडल्या. लुगड्याच्या गाठी सोडल्या. एकीच्या कडेवर लेकरू होतं, त्याचा लंगोटसुद्धा बघितला. ती बाई मला "बघा बाई, बघा," म्हणत राहिली. काही सापडलं नाही. त्या दिवशी ठाण्यात कुणीही "राहू दे" म्हणालं नव्हतं.

मी नळावरून ओले हात घेऊन आत आले तेव्हा आईसाहेब उठल्या होत्या.

"हिचा हात मला लागायला न्हाय पायजे," त्या साहेबांना म्हणाल्या. "सांगून ठेवतो. माझ्या देवघरापुढं मी हिला हात लावू देणार न्हाय."

हात धुऊन आले होते मी. त्यांच्याच घरच्यांच्या सांगण्यावरून.

अक्का पुढे झाल्या. "मग मी घेतो की. त्यात काय? आतल्या खोलीत चला काकी."

"झालं ते लई झालं. माझ्या घरात मला कोण चाचपणार न्हाय."

साहेबांनी एकदा बाहेर बघितलं. फाटकापाशी माणसं जमत होती. त्या घरात नगरसेवक होऊन गेलेले होते. साहेबांचा फोन सकाळपासून दोनदा वाजला होता, आणि दोन्ही वेळा ते "हो, हो, सन्मानानं" म्हणाले होते.

"राहू दे अक्का," ते म्हणाले. "घरंदाज बाई. कुठं पळून जात्यात?"

मी म्हणाले, "सर, ती चंची तरी..."

"पान खाणाऱ्या बाईचं पान काढून घेऊ काय आता? चल."

ते हसले. सूनही हसली. मी मागे झाले.

बोलेरोत बसताना पुन्हा तेच. आरोपी बाई मधे, दोन्ही बाजूंना दोन महिला पोलीस. तशीच पद्धत. आईसाहेब गाडीच्या पायरीवर थांबल्या. "ही शेजारी नको." साहेबांनी मला नुसती मान हलवून खूण केली. मी मागच्या आडव्या बाकावर जाऊन बसले. मधल्या सीटवर आईसाहेब आणि एकट्या अक्का.

माझ्यासमोर अक्कांची पाठ होती. केसांना लावलेली जाळी होती. आईसाहेब सुपारी कातरत होत्या. कट, कट. तो आवाज मला ऐकू येत होता. अक्कांनाही येत असणार. त्या पुढे बघत होत्या.

दसरा चौकाच्या अलीकडे गाडी अडकली. सिग्नलला बाजूच्या मोटारसायकलवरच्या पोरांनी आत डोकावलं. एकाने मोबाईल वर धरला. "अरे, आईसाहेब!" असं कुणीतरी ओरडलं. आईसाहेबांनी पदर तोंडावर ओढला आणि दाराच्या कडीला हात घातला.

अक्कांनी त्यांचं मनगट धरलं. "बसा काकी. बसा."

"सोड."

"न्हाय सोडत. बसा."

"सोड म्हणतो न्हवं!"

दुसऱ्या हातात अडकित्ता होता. सुपारी कातरायचा, पितळी मुठीचा. अक्कांचा अंगठा त्याच्या पात्यांत आला. आईसाहेबांनी मूठ आवळली. सुपारीसाठी आवळतात तशी.

अक्का ओरडल्या नाहीत. "अगं आई गं," एवढंच म्हणाल्या, हळू. आणि मनगट सोडलं नाही. मी सीटवरून उडी टाकून मधे गेले. आईसाहेबांच्या हातातून अडकित्ता काढून घेताना माझे हात त्यांच्या हातांना लागले. आता त्यांनी काही म्हटलं नाही. चंची उपडी झाली. पानं, चुना, कात आणि रक्त, सगळं सीटवर एक झालं. ड्रायव्हरने सायरन लावला. साहेब पुढच्या सीटवरून नुसते "अरे, अरे, अरे," म्हणत होते.

सरकारी दवाखान्यात अक्कांचा अंगठा शिवला. आतली शीर तुटली होती. पुन्हा ऑपरेशन झालं. अंगठा आहे. वाकत नाही.

मी ड्यूटी संपली की त्यांच्या घरी जायचे. त्यांची लेक वारणानगरला कॉलेजात शिकते, शनिवारी यायची. मधले दिवस मी. एकदा त्या आरशापुढे वर्दी घालून बघत होत्या. कामावर परत जायचं होतं त्यांना. शर्टाचं बटण लागत नव्हतं. डाव्या हाताने लागेना, उजव्याने धरता येईना. मी दारात उभी होते. मला बघितल्यावर त्यांनी हात खाली सोडला.

"ए कॉन्व्हेंट. बटन लाव की."

मी बटणं लावली. वरपासून खालपर्यंत. त्या वर छताकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळून माझ्या मनगटावर पडलं. वर्दी घालून झाली आणि त्या खाटेवर बसल्या. तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "काढ आता."

मी बटणं काढली.

अक्कांच्या अंगठ्यावरून चौकशी लागली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. त्यांनी माझ्यासाठी चहा कधी मागवला नव्हता.

"हे बघ," ते म्हणाले, "सरळ सांगायचं. अंगझडती घेतली. अडकित्ता लहान होता, हाताला लागला नाही. तू नवीन आहेस. तुला ताकीद मिळेल. त्यापलीकडं काही होत नाही. मी आहे की."

मी कपाकडे बघत होते.

"बाकीचं काढू नको. ते जातीबितीचं. त्या घरच्यांनी तसलं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. उगीच गावात आग लागेल. तू शिकलेली आहेस, तुला कळतंय."

शिकलेली आहेस, म्हणजे गप्प बसशील. हे मला इयत्ता पहिलीपासून कळत होतं.

घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी टिकव बाळा. तुझ्या बापाने भट्टीपुढं उभं राहून फी भरलीय." वडील बाजूलाच होते. उठून बाहेर गेले आणि माझी स्कूटी पुसत बसले. ती सकाळीच पुसली होती.

अक्कांना विचारलं. मला वाटत होतं त्या म्हणतील, खरं सांग. किंवा म्हणतील, जाऊ दे. त्या म्हणाल्या, "तुझं तू बघ. मी तुझ्या जागी न्हाय. खरं एक सांगतो. त्या गाडीत मी एकटी बसलो हुतो, ते का, हे मला लेकीला सांगायचं हाय. ती इचारत्या. तू जे सांगशील तेच मी तिला सांगणार."

त्या रात्री मी झोपले की नाही, आठवत नाही. एवढं आठवतं की त्या पालावरच्या बाईचा आवाज कानात येत होता. बघा बाई, बघा. तिच्या अंगावरचं सगळं मी बघितलं होतं, आणि ते माझं कामच होतं. त्या बंगल्यात माझं तेच काम विटाळ ठरलं. कायदा एकच होता. हातही तेच होते.

चौकशीला वरच्या ऑफिसमधून मॅडम आल्या होत्या. केस बारीक कापलेल्या, आवाज मोजका. साहेब त्यांच्या बाजूच्या खुर्चीत. मला बसायला सांगितलं नाही. मी उभी राहिले.

"आरोपी महिलेची अंगझडती कुणी घेतली?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. आधार दिल्यासारखं बघितलं. तेच मला सहन झालं नाही.

मला इंग्रजीत विचार करायची सवय आहे, आणि त्या क्षणी इंग्रजीत काहीच सुचलं नाही. आईची मराठी आली. गल्लीतली.

"कुणीच न्हाय घेतली, मॅडम."

साहेब खुर्चीत हलले. "अगं, नीट आठव..."

"आठवतंय, सर." मग मी मॅडमकडे बघितलं. "मी बौद्ध आहे. माझं गाव गारगोटीकडं, आणि गावात माझं घर बौद्धवाड्यात. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या बाईंना माझा हात नको होता. सरांनी ते मानलं. झडती सोडून दिली. मला शेजारी बसू दिलं नाही. अक्का एकट्या बसल्या आणि त्यांचा अंगठा गेला. मला ताकीद द्यायची असेल तर द्या, पण झडती घेतली असं लिहिलेल्या कागदावर मी सही करणार नाही. बदली करायची तर करा. पण मी नोकरीत आहे तोवर कुठलीही बाई ताब्यात घेतली, ती कुणाचीही आई असो, तिची झडती मी घेणार. केसांपासून चपलेपर्यंत. ती झाल्याशिवाय गाडीचं दार मी उघडू देणार नाही. तुम्हालासुद्धा नाही, सर."