काचेखालची खोली

शिवणकाम करणाऱ्या ताईंची नजर अधू झाली, तेव्हा धाकट्या भावाने घरामागे काचेच्या छपराची खोली बांधून दिली. उजेड भरपूर आला, पण दुपारी खोलीची भट्टी व्हायची आणि वरच्या मजल्यावरून शेजाऱ्यांना सगळं दिसायचं. जाड पडदा लावला, तर पुन्हा अंधार.

एकदा भाऊ भरदुपारी आला आणि घामाघूम झाला.

"ताई, बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेनं बांधलीस रे, कोणत्या तोंडानं बोलू?"

त्याने छपरात उघडणारी झडप बसवून घेतली. ताईंनी पांढऱ्या मलमलीचे सरकते पडदे शिवले. उजेड राहिला, धग गेली, नजराही अडल्या. भरल्या मनाने ताईंनी तिथे पहिला शर्ट शिवला तो भावाचा, तोही माप न घेता.