आजोबांच्या पलंगाशेजारची खिडकी

बाळांनो, आजोबांच्या कपाळावरची खूण कसली, असं तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी ‘पलंगाची कड लागली’ म्हणाले. ते खरं नव्हतं.

मे महिन्यातली दुपार होती. गच्चीवर तुमच्यासाठी केलेल्या कुरडया वाळत होत्या. शिरूरच्या बाजूने आभाळ काळवंडलं आणि वारा सुटला. वळीव आला की इथल्या बायका आधी वाळवणाकडे धावतात, मीही धावले. अर्धांगानंतर आजोबांचा उजवा हात-पाय चालत नाही आणि पलंगाशेजारची सरकती खिडकी उघडी आहे, हे मला माहीत होतं. वाटलं, दोन मिनिटांत खाली येईन. शेवटची परात जिन्यात टेकवली, तोच खाली काच फुटली. वाऱ्याने खिडकीचं दार रुळातून उखडून आत फेकलं होतं. चादरभर काचा, आणि त्यांत आजोबा डोळे मिटून पडलेले, कपाळावर रक्त.

मी हाक मारली. ‘आहे मी. अनवाणी येऊ नकोस,’ म्हणाले.

‘खिडकी बुजवूनच टाका, वैनी. इटा लावा न् मोकळ्या व्हा,’ असं माझ्या जाऊबाईंचं मत पडलं. मला ते जवळजवळ पटलंही होतं. पण दिवसभर आजोबांना दिसतो तो लोणीचा रस्ता आणि कांद्याचं वावर, तेवढंच.

मग नारायणगावहून खिडक्या बनवणारा आला. मी प्रश्न वहीत लिहून ठेवले होते.

‘ही काच फुटणार नाही ना?’

‘फुटंल की आज्जी, खोटं कशाला बोलू? पर दोन काचांच्या मधी चिवट पापुद्रा हाय. तुकडं जाग्यावरच चिकटून ऱ्हात्यात.’ त्याने नमुन्यावर हातोडी मारून दाखवली. काच तडकली, पण एक कण खाली पडला नाही. खिडकी सरकती नको, आत उघडणारी घ्या, म्हणाला. हँडल फिरवलं की चारही बाजूंच्या कड्या चौकटीत बसतात.

‘हँडल किती उंचीवर घेऊ?’ त्याने विचारलं.

‘माझ्या खांद्याइतकं,’ मी म्हणाले.

‘खाली घे,’ आजोबा पलंगावरून म्हणाले. ‘माझा डावा हात पोचेल असं.’

तो हसला. ‘आज्जी हाय की लावायला! तुमी कशाला तरास घेता?’

‘हिला यायला उशीर होतो.’

आवाजात राग नव्हता. एसटीची वेळ सांगावी तसं सांगितलं.

त्या माणसाने मापाच्या टेपमध्ये डोकं घातलं. आजोबांनी पडल्या पडल्या हात लांब केला आणि त्यांची बोटं टेकली तिथे भिंतीवर मी पेन्सिलीने रेघ ओढली. ‘यापुढे मी आधी इथेच येईन,’ असं म्हणायचं होतं. परक्या माणसासमोर नको, म्हणून राहिलं. तो गेल्यावरही मी बोलले नाही, आणि आजोबांनीही हँडल वर घ्यायला सांग असं म्हटलं नाही.