समोरच्या पाळण्यातलं वजन

"काका, आई गेली," पुतण्याचा सौंदडहून फोन आला, त्याला महिना झाला. वहिनी आठवली की आधी तिची काळजी आठवते. बैल उशिरा परतला, कोणी दोनदा शिंकलं, की ही दारात उभी. आम्ही तिची थट्टा करायचो आणि तिच्याच जिवावर बिनघोर राहायचो.

तिचा खरा घोर होता दादाचा लाकडी रहाटपाळणा. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत दिवाळी सरली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरायची, आणि थोरला भाऊ हा चार खोक्यांचा पाळणा घेऊन हिंडायचा. दोन गडी तो हातानं फिरवत; माणसं बसवायचं काम वहिनीचं. समोरासमोरची वजनं जुळल्याशिवाय ती चाक हलू द्यायची नाही. एक बाजू जड असली की ती कशीबशी वर चढते, पण माथा ओलांडला की धाडकन खाली येते. मग गड्यांना आवरत नाही आणि सगळा हिसका आसाला बसतो. असा आस मोडताना तिनं माहेरी पाहिला होता... त्यापुढचं ती कधी बोलली नाही.

माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हा मुलीचे मामा मंडईला आले. होकार त्यांच्या हातात. देह भारी, राग त्याहून भारी. पाहुण्याला गर्दीत कसं कोंबायचं, म्हणून दादानं मानानं त्यांना एकट्यालाच पाळण्यात बसवलं. मुलगी मामीबरोबर खाली उभी होती. वहिनी धावत आली.

"मामाजी, जरा उतरा जी. समोर कोणी नाही."

"पाहुण्याले उतरवता? मंग आमी चाललो घरी."

दादानं वहिनीला डोळ्यांनी दटावलं. मामा उतरले तर लग्न मोडणार, आणि तसंच चाक फिरलं तर... काय व्हावं, हेच मला कळेना.

"तुमी बसा," वहिनी म्हणाली. "मंग मले बी बसू द्या."

वर पाहिलं तरी घेरी येणारी ती बाई आयुष्यात पाळण्यात बसली नव्हती. कडेवरचं लेकरू तिनं माझ्या हाती दिलं. गड्यांना दांडे घट्ट धरायला लावून मामांना हळूहळू वर नेलं. समोरचं खोकं खाली आलं, तशी शेजारच्या दुकानातलं तांदळाचं पोतं घेऊन ती त्यात बसली. चाक फिरलं. तिचे डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. मामा हसत उतरले. वहिनी पाळण्यामागे जाऊन ओकली.

लग्न झालं. "काही झालं नसतं, उगाच भेते ही," दादा पुढे कितीदा म्हणायचा. काही झालंच नाही, म्हणून तिचं बरोबर होतं हे कोणाला कधी पटवता आलं नाही. याचं मला आज फार वाईट वाटतं.

तेरवीनंतर वहिनीच्या ओसरीतल्या बाकावर मी आणि बायको दोन टोकांना बसलो होतो. ती म्हणाली, "मामा तं नाहीच म्हणत होते. इथंच द्या म्हणून मामीले मीच सांगतलं."

"मले पाहून?"

"तुमाले कोणं पाहिलं? मी पाळण्यातल्या बाईले पाहिलं."

तो बाक जुना, एका टोकाचं माणूस उठलं की दुसरं टोक खाली जातं. उठण्याआधी वहिनी समोरच्याला नेहमी सांगायची.

"उठून राहिली मी," बायको म्हणाली. "सांभाळा."