बर्फगाडीचं तेल

आमच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. आखातातल्या मुसफ्फा या गॅरेजांच्या वस्तीतलं इंजिन ऑइलचं दुकान आहे. दिवसभर ट्रकवाले, बोटवाले, जेट-स्कीवाले येतात, काहीतरी बोलून जातात, आणि शटर ओढताना लक्षात येतं की आज आणखी दोन जमले. बारा वर्षं मी काउंटरला आहे. सुट्टीत चिपळूणला गेलो की मित्र म्हणतात, "सम्या, सांग रे दुकानातलं." मी सांगतो, ते हसतात. गेल्या वर्षीचे हे किस्से तेवढे मी तिथे कधी सांगितले नाहीत.

*

आधी हसनचाचांबद्दल सांगायला हवं. ते दुकानातले सगळ्यात जुने. गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावरचं. टू-स्ट्रोकचं तेल मागायला कुणी आलं की चाचा कॅन काढायच्या आधी तीन प्रश्न विचारणार. मशीन कुठलं? इंजिन थंड कशाने होतं, पाण्याने की हवेने? आणि चालवणार कुठे?

कारण हे तेल पेट्रोलबरोबर जळून जातं. बोटीचं वेगळं, बाइकचं वेगळं. चुकीचं पडलं तर इंजिन आधी काही सांगत नाही, एकदम बंद पडतं.

एकदा एक पठाण ड्रायव्हर वैतागला. म्हणाला, "चाचा, तेल लेना है, लड़की का हाथ नहीं माँग रहा."

चाचा शांतपणे म्हणाले, "लड़की का होता तो मैं इतना नहीं पूछता."

*

ऑगस्टमधली दुपार. चाचा नमाजाला गेले होते, मी एकटाच काउंटरला. साठी ओलांडलेले एक अरब गृहस्थ आले. अंगातली पायघोळ पांढरी कंदुरा इस्त्रीची, पण बाहीवर ग्रीसचा डाग. हे लोक स्वतःच्या हाताने ग्रीस लावत नाहीत, म्हणून तो डाग माझ्या लक्षात राहिला. जुन्या पिढीतले, त्यामुळे हिंदी चांगलं बोलत होते.

म्हणाले, "स्नोमोबाइल का ऑइल है?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "बर्फावर चालते ती?"

"हाँ. वही."

बाहेर सत्तेचाळीस डिग्री होतं. मी हसलो. अगदी मोठ्याने नाही, पण त्यांना दिसेल इतपत. ते हसले नाहीत. शेल्फवर समोरच बोटीच्या इंजिनाचं तेल होतं, तेही टू-स्ट्रोकचंच. मी ते पुढे केलं. "ये चलेगा, हबीबी. यहाँ बर्फ किधर है?"

त्यांनी कॅन दोन्ही हातांत धरून लेबल वाचलं. मग विचारलं, "पक्का?"

मी म्हणालो, "पक्का."

*

आम्ही मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. त्या संध्याकाळी जेवताना मी हे घरी रंगवून सांगितलं. बायको हसली. माझी मुलगी ईरा अकरा वर्षांची, इथेच वाढलेली. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते.

ती म्हणाली, "डिड यू आस्क हिम व्हाय?"

"कशाला विचारायचं? गिऱ्हाईक आहे."

"हसनचाचा वुड हॅव आस्क्ड."

मी तिला म्हटलं, भाजी संपव.

*

दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून चाचांनाही सांगितलं. त्यांचा चहाचा कप तोंडापाशी थांबला.

"कुठलं दिलंस?"

"बोटीचं."

"मशीन पाण्यावर थंड होतं की हवेवर, विचारलंस?"

"चाचा, तो ते चालवणार कुठे? शोभेला ठेवलं असेल. पाच मिनिटं चालवायला काय, खोबरेल ओतलं तरी चालेल."

चाचांनी कप खाली ठेवला, टोपी घातली आणि निघाले. त्यांच्याकडे ना नंबर होता, ना नाव. मला एवढंच आठवत होतं की म्हातारा पायी आला होता, म्हणजे मशीन जवळच्याच एखाद्या गॅरेजात असणार. चाचांना शुगर आहे. ते गॅरेजमागून गॅरेज बघत चालले होते. अर्ध्या तासाने मला राहवेना. दुकान मालकाच्या भाच्यावर सोपवून मी गाडी काढली. चौथ्या गल्लीत ते मला एका पत्र्याच्या शेडच्या दारात दिसले, घामाने भिजलेले.

आत, एका ट्रेलरवर, पिवळी स्नोमोबाइल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, लांबलचक सीट. मुसफ्फात मी काय काय पाहिलंय, पण असलं मशीन नाही.

कालचे गृहस्थ शेजारी स्टुलावर बसले होते. माझा कॅन उघडलेला होता, तेल मशीनच्या तेलाच्या टाकीत पडलं होतं. इंजिन अजून सुरू केलं नव्हतं.

चाचा म्हणाले, "ग़लत तेल दिया हमने. माफ़ करना. मैं निकाल देता हूँ." मग विचारलं, "आपका नाम?"

"अबू सैफ."

इथे मोठ्या मुलाच्या नावावरून बापाला हाक मारतात. अबू सैफ म्हणजे सैफचा बाप. चाचा टाकीची नळी सोडवत सहज म्हणाले, "सैफ चलाएगा ये?"

अबू सैफनी नकारार्थी मान हलवली. मग सांगितलं. सैफ बाहेर थंड देशात शिकत होता. एका सकाळी रस्त्यावर बर्फ होता, कार घसरली. "सैफ प्लेन से आया. सामान बाद में आया, जहाज़ से. ख़ोर फ़क्कान में उतरा. कपड़े, किताबें. और ये."

ते घेऊन काय करायचं, ते त्यांना माहीत नव्हतं. घरच्यांनी विकायला सांगितलं होतं. त्यांना फक्त एकदा त्या मशीनचा आवाज ऐकायचा होता. फोनवर सैफ बोलायचा तेव्हा मागे तो आवाज असायचा.

मी शेडच्या दाराकडे बघत उभा राहिलो.

*

नळीतून तेल बाटलीत उतरायला बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात चाचांनी जे सांगितलं, ते मी बारा वर्षांत ऐकलं नव्हतं.

त्यांचा धाकटा भाऊ होता, बशीर. मासेमारीची लहान होडी, तिला मागे इंजिन. चाचा तेव्हा इथे नवीन होते, टायरच्या दुकानात. बशीरने फोनवर सांगितलं, भाईजान, तिकडचं चांगलं तेल पाठवा. चाचांनी रेसिंग बाइकचं तेल पाठवलं, गावच्या माणसाबरोबर, दोन कॅन.

"सबसे महँगा था," चाचा म्हणाले. "मुझे लगा, महँगा है तो अच्छा होगा."

ते तेल बोटीच्या इंजिनासाठी नव्हतंच. प्लगवर राख धरायची. बशीर भावाच्या तेलावर खूश होता. एक दिवस खाडीच्या तोंडाशी लाटांमध्ये इंजिन बंद पडलं. होडी दुसऱ्या दिवशी मिळाली. बशीर तिसऱ्या दिवशी.

अबू सैफनी विचारलं, "तेल से ही हुआ?"

"मालूम नहीं," चाचा म्हणाले. "किसी ने इंजिन खोला नहीं. इसलिए मैं आज तक पूछता हूँ."

अबू सैफनी टॉर्च धरला, चाचांनी टाकी कापडाने कोरडी पुसली.

*

योग्य तेल आमच्याकडे नव्हतं. चाचांनी मशीनवरचा नंबर लिहून घेतला, इंजिन पंख्याच्या हवेवर थंड होतं हे पाहिलं, आणि सप्लायरला फोन लावला. स्पीकरवर मीही ऐकत होतो. चाचांना स्नोमोबाइलसाठीचंच सिंथेटिक तेल हवं होतं, उणे चाळीसलाही पातळ राहणारं.

सप्लायरचा पोरगा विचारू लागला, "अंकल, शिपमेंट कौन सी कंट्री में?"

"मुसफ्फा."

मग तो म्हणाला, "अंकल, मुसफ्फा में माइनस फ़ोर्टी का क्या करोगे? सस्ता वाला भेज दूँ?"

एरवी मीही हेच म्हणालो असतो. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मी फोन हातात घेतला आणि म्हणालो, "वही भेजो जो लिखवाया है."

पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत अबू सैफ दर गुरुवारी दुकानात यायचे. तेल आलं का, हे एकदाच विचारायचे, मग चाचांबरोबर बसून साखर न घातलेला चहा प्यायचे. दोघं काय बोलायचे, ते मला काउंटरवर ऐकू यायचं नाही. मी एकदा धीर करून त्यांना म्हणालो, "उस दिन मैं हँसा था."

ते म्हणाले, "सैफ भी हँसता."

*

तेल आलं त्या शुक्रवारी सकाळी आम्ही तिघंच शेडमध्ये होतो. चाचांनी टाकी भरली, नळीतली हवा काढली. पेट्रोलमध्येही थोडं तेल घातलं, पहिल्या मिनिटाला इंजिन कोरडं पडू नये म्हणून. मी मागचा भाग स्टँडवर उचलून ठेवला आणि शटर पूर्ण वर केलं. अबू सैफना आम्ही पुढे बसायला सांगितलं. ते नको म्हणाले, बाजूला उभे राहिले.

चाचांनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. एकदा, दोनदा, सहादा. मग मी ओढली. नवव्या की दहाव्या ओढीला इंजिन खोकलं, निळसर धूर आला, आणि ते सुरू झालं. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज केवढा झाला. समोरच्या गॅरेजातले लोक हातातली कामं टाकून दारात आले.

अबू सैफनी चपला काढल्या. कंदुरा गुडघ्यापर्यंत उचलली आणि ते हळूच ट्रेलरवर चढले. मला वाटलं, आता पुढे बसतील, हँडल धरतील. ते सीटवर मागे सरकून बसले. पुढची जागा तशीच ठेवली. दोन्ही हात पुढे करून, काहीतरी धरल्यासारखे, हवेत ठेवले आणि डोळे मिटले.

मग पुढे झुकून, त्या आवाजातही आम्हाला ऐकू येईल असं, म्हणाले, "यल्ला, सैफ. शुवय शुवय. हळू."

शुवय शुवय म्हणजेही हळूच; पण ते शेवटचं "हळू" त्यांनी मराठीत कसं म्हटलं, ते मी चाचांना अजून विचारलेलं नाही.