हौसेरावचा उपास

अमोलिकांना प्रवचन जमत नाही, हे नगरकडच्या तीन ख्रिस्ती मंडळ्यांनी एकमताने मान्य केलं होतं. एकमत हा त्या मंडळ्यांचा स्वभाव नव्हे, म्हणून ही गोष्ट विशेष. तिसऱ्या वचनापर्यंत मागचे बाक पेंगत, उपदेशाच्या मध्यावर पुढचे. वरिष्ठांनी मग विचार केला, की ज्याचं बोलणं ऐकून माणसं झोपतात, त्याला माणसांना झोप येत नाही अशा जागी पाठवावं. अशा रीतीने १९९१ साली सुभाष अमोलिक वाशीतल्या एका धर्मादाय रुग्णालयात पाळक म्हणून रुजू झाले.

काम असं, की खाटेखाटेला जायचं, विचारपूस करायची, हवी असेल त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि नको असेल त्याच्याजवळ नुसतं बसायचं. सगळे त्यांना फादर म्हणत. "मी फादर नाही हो, मला दोन मुली आहेत," असं ते सांगत. "मग तर फादरच की," असं उत्तर येई. वर्षभरात त्यांनी दुरुस्ती करणं सोडलं आणि बोलणंही कमी केलं. नुसतं बसणं मात्र त्यांना असं जमलं, की नवीन नर्सेस रडक्या पेशंटला सांगत, "थांबा, अमोलिक सर बसायला येतील."

९४च्या मार्चमध्ये पुरुषांच्या वॉर्डात अकरा नंबरच्या खाटेवर हौसेराव आला. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटातला माथाडी, मूळचा पाटण तालुक्यातला. बटाट्याच्या पोत्यांची थप्पी ढासळली, त्याखाली दोघे सापडले. धर्मराज जागीच गेला. हौसेराव वाचला, पण डावी मांडी दोन जागी मोडली आणि जखम चिघळली. दोघे एकाच वाडीचे, एकाच टोळीतले, कोपरखैरण्याला एकाच गाळ्यात पोटमाळा वर-खाली वाटून राहणारे. धर्मराजचं दहावं झालं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची बायको वेणूबाई हौसेरावसाठी डबा घेऊन यायला लागली. हौसेरावची बायको गावाला बाळंतपणाला गेली होती. दुसरं कोण करणार?

आणि हौसेराव तो डबा खाईना.

पहिल्या दिवशी म्हणाला मळमळतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाला तोंडाला चव नाही. तिसऱ्या दिवशी तोंड भिंतीकडे केलं. हॉस्पिटलची पेजही परत जायला लागली. डॉक्टर वैतागून म्हणाले, "सलाइनवर जीव राहतो, जखम भरत नाही. आठवड्यात अंगात रक्त दिसलं नाही तर ऑपरेशन करणार नाही. मग पाय जाईल. पायावर थांबलं तर नशीब."

म्हणून चौथ्या दिवशी अमोलिक जाऊन बसले. दुपारभर बसले. पंख्याची कुरकुर, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा रेडिओ, मध्येच गोजरामावशीची फरशी पुसण्याची बादली. चारच्या सुमारास हौसेराव भिंतीकडेच बघत बोलायला लागला.

"फादर, थप्पी वरनं फोडायची असती. वरचं पोतं आदी, मग त्याच्या खालचं. पोटातनं पोतं वढायचं न्हाई."

"बरं."

"मी पोटातनं वढलं."

अमोलिकांनी स्टूल खाटेजवळ सरकवलं.

"गावची जत्रा व्हती. पाचची यष्टी गाटायची व्हती आमाला दोगांना. लॉरी उबी. वर चढून उतरायला पंदरा मिनिटं जात्यात. म्हटलं, एक वढतो. आन् कुनी पलीकडं हाय का म्हनून आरोळी द्यायची असती, ती बी दिली न्हाई. धर्मा पलीकडं तंबाखू मळत बसला व्हता." त्याने नखाने भिंतीचा पोपडा काढला. "ती रोज भाकरी घिऊन येती, फादर. इचारती, भावजी, तिखट झालं का?"

अमोलिकांनी त्याचा हात हातात घेतला. दोघांनी डोळे मिटले; एकाने प्रार्थनेसाठी, दुसऱ्याने लाजेने. हौसेराव रडला. नंतर म्हणाला, "कुनाला बोलू नका. वेणूवैनीला तर न्हाईच."

"नाही बोलणार," अमोलिक म्हणाले.

शब्द देताना फार विचार करायची त्यांना सवय नव्हती. रोमन कॅथलिक पाद्र्यांना ऐकलेली कबुली गुप्त ठेवायचा शेकडो वर्षांचा पक्का नियम असतो, मोडला तर काय होतं तेही ठरलेलं असतं. अमोलिकांच्या पंथात तसा नियम नाही. त्यांच्याजवळ फक्त तो शब्द होता, आणि तो कसा वापरायचा याची पुस्तिका मंडळाने दिली नव्हती.

"तिला तू स्वतः सांग," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. "मी शेजारी बसतो."

"ती मरंल."

"तू मरतोयस, त्याचं काय?"

हौसेरावने पुन्हा भिंत जवळ केली. असे तीन दिवस गेले. रोज तोच प्रश्न, तीच भिंत. पेज परत, डबा परत.

आता झालं असं, की तो सगळा काळ ख्रिस्ती लोकांच्या उपासाचा होता. इस्टरच्या आधी चाळीस दिवस अमोलिक दुपारचं जेवत नसत, चहाही संध्याकाळी. गोजरामावशीने त्यांना एकदा चहा विचारला होता तेव्हा ते सरळ म्हणाले होते, "नको, मावशी, उपास आहे." मावशीने फरशी पुसता पुसता हात धरलेले, डोळे मिटलेले, माणूस रडताना पाहिला होता. तेव्हापासून त्या माणसाने पेजेला तोंड लावलेलं तिने पाहिलं नव्हतं. पादऱ्याचा उपास, पेशंटचा उपास. मावशी शाळेत गेली नव्हती, पण दोन आणि दोनची बेरीज तिला येत होती. तिने ती लिफ्टमध्ये सांगितली. लिफ्टमधून ती बेरीज खाली पानवाल्याकडे गेली आणि पानवाल्याकडून मार्केटात.

सोमवारी संध्याकाळी टोळीचा मुकादम बाजीराव सहा माणसं घेऊन आला. रुंद छाती, कपाळाला बुक्का, आवाज लॉरी मागे घेताना द्यायचा असतो तसा.

"काय वो पादरी, आमच्या मानसाला उपाशी ठिवून बाटवताय व्हय?"

"मी कुणाला उपास सांगितलेला नाही."

"मग त्यो खाईना का? तुमी हात धरला त्या दिसापास्नं खाईना. सगळ्या वॉर्डानं बगितलंय. काय सांगितलं त्याच्या कानात?"

इथे अमोलिकांना एक वाक्य बोलता आलं असतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं. ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

यापेक्षा वाईट उत्तर त्यांना शोधूनही सापडलं नसतं.

"म्हंजी सांगण्यासारखं कायतरी हाय," बाजीराव मागे वळून आपल्या माणसांना म्हणाला. मग अगदी हळू: "उद्या चार वाजता येतो. तवर त्याच्या पोटात अन्न गेलं न्हाई, तर मार्केटातली दोन हजार मानसं हितं आनतो. मग बगू तुमचा देव कुठनं कुठनं धावतो."

अर्ध्या तासात व्यवस्थापक नंदकिशोर प्रधानांनी अमोलिकांना केबिनमध्ये बोलावलं. प्रधान सज्जन होते. सज्जन माणसाला टेन्शन आलं की तो पेपरवेट फिरवतो, तसे ते फिरवत होते.

"अमोलिक, तुम्ही बाटवत नाही हे मला माहीत आहे. तीन वर्षांत तुम्ही कुणाला साधं पटवूनसुद्धा दिलेलं नाही."

"आभारी आहे."

"मग तो काय बोलला ते मला तरी सांगा. मी डॉक्टरांना सांगतो, मुकादमाला समजावतो. काचा फुटल्या तर ट्रस्टी आधी तुमचं पद बंद करतील. तसंही त्यांना ते कशाला आहे हे कळलेलं नाहीच."

"त्यानं मला सांगितलं, सर. तुम्हाला नाही."

प्रधानांनी पेपरवेट खाली ठेवला. "उद्या तुम्ही वॉर्डात जाऊ नका. हा विनंतीवजा आदेश समजा."

घरी सरोजिनीबाईंनी सगळं ऐकलं, म्हणजे जेवढं सांगण्यासारखं होतं तेवढं. नवऱ्याचं तोंड बघून उरलेलं विचारलं नाही. "जाणार आहात ना उद्या?" एवढंच म्हणाल्या.

"चारला."

"मग तो निळा शर्ट घाला, कॉलर विरलेला. मार खायचाच असेल तर नवा कशाला?"

त्या रात्री अमोलिकांनी प्रार्थना करून पाहिली. तिसऱ्या वाक्याला त्यांना स्वतःच्याच प्रार्थनेत बाजीरावचा आवाज ऐकू यायला लागला. भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त राग आला होता, तो हौसेरावचा. आपण इथे मार खायचा आणि हा भिंत बघत मरणार. पाळकाने असा विचार करू नये. त्यांनी केला, आणि तो लपवताही येईना, कारण ज्याच्यापासून लपवायचा त्याच्याशीच बोलणं चाललं होतं.

मंगळवारी पावणेचारला ते अकरा नंबरच्या खाटेपाशी स्टुलावर बसले. हौसेरावच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. "टोळी येतीय," अमोलिक म्हणाले. "मी काही बोलणार नाही. दिलेला शब्द आहे. पण तुला खरं सांगतो, हौसेराव, मला तुझा राग आलाय."

हौसेरावने पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

वेणूबाई आली. डबा टेबलावर ठेवला, पदराने गळ्याचा घाम पुसला. तिच्या मागोमाग जिना वाजला. बाजीराव आणि या वेळी पंधरा-वीस जण. शेजारच्या आजोबांनी रेडिओ बंद केला. दारात नर्स, तिच्या मागे प्रधान, पुढे यावं की येऊ नये या विवंचनेत.

"खाल्लं का त्यानं?" बाजीरावने विचारलं.

त्याने डब्याचं झाकण उघडून पाहिलं, बंद केलं, आणि शांतपणे अमोलिकांची कॉलर धरून त्यांना स्टुलावरून उचललं. विरलेली कॉलर फाटली. "शेवटचं इचारतो, पादरी. काय सांगितलं त्याला?"

"मी त्याला उपास सांगितला नाही. दुसरं मी काही बोलणार नाही." आवाज बारीक झाला होता, पण वाक्य पूर्ण झालं.

बाजीरावने हात मागे घेतला.

"मुकादम, सोडा त्यास्नी," हौसेराव म्हणाला. "त्यांनी न्हाई सांगितलं. म्या सांगितलंय त्यास्नी."

"काय सांगितलंस?"

हौसेराव बाजीरावकडे बघतच नव्हता. "वैनी, थप्पी म्या पोटातनं फोडली. धर्मा पलीकडं हाय का, ते बगितलं न्हाई. आरोळी दिली न्हाई."

बाजीरावचा हात खाली आला. थप्पी कशी फुटतेय हे बघायचं काम मुकादमाचं असतं, आणि ते त्या पंधरा-वीस जणांना माहीत होतं. सगळे फरशी बघायला लागले, तोही.

वेणूबाई खाटेच्या लोखंडी पट्टीला धरून उभी होती. "कितवं पोतं?" तिने विचारलं.

"खालनं तिसरं."

ती हिशोब करावा तशी थांबली. मग म्हणाली, "त्यो बी काडायचा पोटातनं. घरी यून फुशारकी मारायचा, एका झटक्यात काडलं म्हनून. मी म्हनायची, एक दिस मरशील." तिने पट्टीवरचा हात काढला. "पर आरोळी द्यायला पायजे हुती तू."

"व्हय."

"एक आरोळी, भावजी. तोंड उगडायचं नुसतं."

"व्हय, वैनी."

अमोलिकांच्या तोंडी एक वचन आलं होतं, चांगलं, अशा प्रसंगाचं. त्यांनी ते गिळलं.

वेणूबाईने डबा उघडला. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी. तिने भाकरी मोडली, खाटेवर ठेवली आणि म्हणाली, "मी उद्या येनार न्हाई. परवा बी न्हाई. कदी यीन ते सांगत न्हाई. पर आज रांदलंय, ते टाकायचं न्हाई. खा."

हौसेरावने घास घेतला. तो त्याच्या तोंडात बराच वेळ फिरत राहिला, मग एकदाचा गिळला. बाजीराव पुढे झाला आणि खाटेच्या कडेला टेकला. त्याने भाजीची वाटी हातात धरली, पाळण्यातल्या पोराला भरवताना धरतात तशी.

वेणूबाई निघाली. अमोलिक फाटक्या कॉलरीने तिच्या मागे जिना उतरले. गेटापाशी ती थांबली आणि वळून न बघता म्हणाली, "फादर, माज्यासाटी देवाला काय म्हनू नका. राग जाईल असलं तर अजाबात म्हनू नका. मला अजून राग येऊ द्या."

"बरं," अमोलिक म्हणाले.

ती बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. तेही चार हात अंतरावर उभे राहिले. कोपरखैरण्याची बस आली, भरलेली होती. तिने हात केला नाही. ऊन उतरायला लागलं. मार्केटाकडून येणाऱ्या लॉऱ्यांची धूळ दोघांच्याही डोळ्यांत जात होती, त्यामुळे कोण कशाने डोळे पुसतंय ते कळायला मार्ग नव्हता. दुसरी बस आली तेव्हा ती चढली.